मोगलाई इकडे, झारशाही तिकडे : लोक राजावर का उठतात?

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय मी ठरवलेला नाही, पहूरच्या एका ताईंनी ठरवलाय. त्यांची मुलगी कॉलेजात आहे. इतिहासाच्या पेपरला हमखास येणारा प्रश्न : रशियन जनतेने अनियंत्रित राजेशाहीविरुद्ध उठाव का केला? गाईडमधलं उत्तर पोरीने पाठ केलं. झारची जुलमी राजवट, शेतकऱ्यांची दैन्यावस्था, कामगारांचं शोषण, पहिल्या महायुद्धातले पराभव. चार मुद्दे, पाच गुण. पाठ करून झाल्यावर तिने आईला विचारलं, "पण हे सगळं तर आधीपासूनच होतं ना? मग तेव्हाच का?" आईला उत्तर आलं नाही, म्हणून मेसेज माझ्याकडे.

खरं सांगू? मलाही लगेच आलं नाही. पोरीचा प्रश्न गाईडच्या उत्तरापेक्षा मोठा आहे.

कारण बघा. रोमानोव्ह घराणं गादीवर आलं १६१३ ला. गरिबी, वेठ, चाबूक हे तीनशे वर्षं चालूच होतं. १८९१-९२ मध्ये रशियात भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं भुकेने आणि पटकीने गेली. झारचं सिंहासन हललं का? नाही. आपल्याकडेही १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशाने सोसला, गुरं मेली, माणसं देशोधडीला लागली, पण म्हणून कोणी कलेक्टर कचेरीवर चालून गेलं नाही. भुकेला माणूस आधी अन्न शोधतो, गाव सोडतो, मरतो. उठाव करायला अंगात थोडी ताकद लागते आणि मनात थोडी आशा लागते.

आणि दुसरी गंमत. १९१३ साली रोमानोव्ह घराण्याला तीनशे वर्षं झाली. झार दुसरा निकोलस मोठ्या थाटात देशात फिरला. लोक बघायला आले, घंटा वाजल्या, जयजयकार झाला. राणीला तर वाटलं, लोक आपल्यावर जीव टाकतात. आणि चारच वर्षांनी, मार्च १९१७ मध्ये त्याच राजाने राज्य सोडलं तेव्हा त्याच्या बाजूने तलवार उपसणारा माणूस मिळेना. त्या चार वर्षांत काय झालं? खरं तर त्याच्या आधीच्या बारा वर्षांतही काय झालं?

हे सांगायला मी तुम्हाला थेट पेत्रोग्राडला नेणार नाही. आधी पहूरच्या स्टँडवरून अजिंठ्याच्या गाडीत बसवणार आहे.

पहूरहून निघालं की वाकोद लागतं, मग फर्दापूर. वीसेक किलोमीटर. वाटेत कुठे चेकनाका नाही, जकात नाही. डावी-उजवीकडे कपाशी आणि केळी. जिल्हा बदलल्याची पाटी दिसली तर दिसली. पण १९४८ पर्यंत या रस्त्यावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं होतं. वाकोद इंग्रजांच्या पूर्व खानदेशात, फर्दापूर आणि अजिंठ्याची लेणी हैदराबादच्या निजामाच्या मुलखात. वाघूर नदी लेण्यांच्या घळीतून निघून पहूरकडे येते, म्हणजे एकच पाणी वर निजामाचं आणि खाली इंग्रजांचं. लेणी बघायला येणारे साहेब लोक पाचोरा-जामनेर गाडीने, म्हणजे आपल्या पीजेने, पहूरला उतरायचे आणि पुढे सरहद्द ओलांडायचे. ही पीजे सुरू झाली तो काळ साधारण तोच, जेव्हा तिकडे रशियात झारला सहकुटुंब गोळ्या घातल्या गेल्या. हे आपलं उगीच आठवलं म्हणून सांगितलं.

त्या पलीकडच्या मुलखाला आपले लोक काय म्हणायचे? मोगलाई. माझी आजी मोगलाईतून इकडे दिलेली. तिच्या बोलण्यात हा शब्द साधा पत्ता सांगावा तसा यायचा : "आमच्या मोगलाईत ज्वारी बरी व्हायची." आणि आपणच पोरांनी दंगा केला की म्हणायची, "मोगलाई लागून गेली का रे?" एकच शब्द, एकदा गावाचा पत्ता आणि एकदा बेबंद कारभाराचं नाव. अनियंत्रित राजेशाही हा पाठ्यपुस्तकातला जडशीळ शब्द पहूर-शेंदुर्णीच्या माणसाला समजवायची गरजच नाही. तो शब्द त्याच्या घरात आहे.

तर मोगलाईत काय होतं? सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ ला गादीवर आला. सोळा जिल्हे, १९४१ च्या शिरगणतीत एक कोटी साठ लाखांवर प्रजा. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे आपले मराठी पाच जिल्हे, बाकी तेलुगू आणि कानडी. स्वतःचं नाणं, त्याला हाली सिक्का म्हणायचे. इंग्रजी रुपया तो कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची जकात. जकातीच्या खात्याचं नाव करोडगिरी. राज्याचा सुमारे दहावा भाग 'सर्फेखास', म्हणजे निजामाची खाजगी मिळकत, त्याचा पैसा थेट त्याच्या खिशात. आणखी तीसेक टक्के जमीन जागीरदारांची. फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून या निजामाचा फोटो मुखपृष्ठावर छापला. आणि १९३१ च्या शिरगणतीत त्याच्या राज्यात लिहिता-वाचता येणारे शंभरात दहाही नव्हते. तुलनेला सांगतो, झारच्या रशियात १८९७ च्या गणनेत शंभरात एकवीस साक्षर निघाले होते. झार बरा म्हणायची पाळी!

पण निजामाबद्दल एक न्यायाची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हा भाग गाईडसारखा होईल. त्याने १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ काढलं, निजामसागर धरण बांधलं. इकडे अजिंठ्याची चित्रं वाचवायला १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ आणले आणि यझदानींसारख्या माणसाकडे पुरातत्त्व खातं दिलं. आज पहूरवरून परदेशी पाहुण्यांच्या गाड्या जातात, त्यात त्या कामाचा वाटा आहे. म्हणजे हा राजा नुसता बसून खाणारा नव्हता. झारही अगदी तसा नव्हता. रशियात रेल्वे होत होती, कारखाने निघत होते. मग दुखणं कशात होतं?

दुखणं असं, की द्यायचं ते राजा देईल, त्याच्या मर्जीने. तुम्ही मागायचं नाही.

आता इथे थोडं थांबू, कारण माझ्या मते ताईंच्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

सगळ्या मुलखांतल्या रयतेची एक जुनी समजूत असते : राजा चांगला, कारभारी वाईट. राजापर्यंत आपलं गाऱ्हाणं पोचत नाही म्हणून, पोचलं तर तो न्याय करील. ही समजूत भाबडी वाटते, पण राजाचं खरं तारण तीच. पाटील मारतो, गिरदावर लुटतो, तलाठी खोटं लिहितो, सगळा राग मधल्या माणसांवर निघतो आणि राजा वर सुरक्षित. आपल्या खानदेशात १८५२ ला सावदा, फैजपूर, एरंडोल भागात जमिनीच्या मोजणीविरुद्ध शेतकरी हजारोंनी जमले, मोजणीवाल्यांना पिटाळलं. तोही मधल्या माणसांवरचाच राग होता. वरचं सरकार उलथायचं कोणाच्या मनात नव्हतं. फौज आली, पुढारी पकडले, लोक घरी गेले.

रशियात ही समजूत एका दिवसात मेली. तारीख आहे. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ९ जानेवारी १९०५, आपल्या कॅलेंडरप्रमाणे २२ जानेवारी, रविवार. सेंट पीटर्सबर्ग. फादर गापोन नावाचा पाद्री कामगारांचा मोर्चा घेऊन झारच्या हिवाळी महालाकडे निघाला. बायका, पोरं, म्हातारे. हातात देवांच्या तसबिरी, आणि मंडळी, झारचे फोटोसुद्धा. तोंडी प्रार्थना. मागणी काय? आठ तासांचा दिवस, बरा पगार, बोलायचं स्वातंत्र्य, लोकांनी निवडलेली सभा. अर्जाची भाषा लेकराने बापाला सांगावं तशी. झार महालात नव्हताच, पण फौज होती. गोळीबार झाला. सरकारी आकडा १३० मृतांचा, लोकांनी तो कधीच मानला नाही.

विचार करा, ज्याने घरात देवाशेजारी झारचा फोटो लावलाय, त्याच्या बापाला तोच फोटो हातात असताना गोळी लागली. तो फोटो पुन्हा भिंतीवर जातो का?

आता मोगलाईत या. इथे एकाच दिवसात नाही, हळूहळू झालं. सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागायची. त्या हुकुमाचं नाव गश्ती निशाण ५३, जुन्या कार्यकर्त्यांना तो आकडा तोंडपाठ असायचा. खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. मराठी पोराने शिकायचं उर्दूतून, कचेरीचं कामकाज उर्दूतून. आता उर्दू ही गोड भाषा आहे, भांडण भाषेशी नाही. पण परभणीच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा, आणि वाचून देणारा जे सांगेल ते खरं.

तर लोकांनी काय केलं? बंदुका काढल्या? नाही. आधी वाचनालयं काढली, गणेशोत्सवाचे मेळे काढले. १९३७ मध्ये परतूरला निजाम हद्दीतल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन घेतलं. मागण्या काय, तर शिक्षण द्या, सभा घेऊ द्या, जबाबदार राज्यपद्धती द्या. राजा घालवा असं कोणी म्हणत नव्हतं. निजामाच्या छत्राखालीच, पण कारभार लोकांना विचारून. फादर गापोनच्या अर्जाहून हे फार वेगळं नव्हतं. फक्त हे लोक वकील-मास्तर होते, त्यांची भाषा कायद्याची होती.

आणि याच्या आदल्याच डिसेंबरात, १९३६ ला, इकडे आपल्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. लाखभर माणूस पूर्व खानदेशच्या एका गावात जमतं, तिरंगा लावतं, भाषणं ऐकतं आणि इंग्रज सरकार ते होऊ देतं. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात निवडून आलेलं मंत्रिमंडळही बसलं. फर्दापूरचा माणूस बाजाराला पहूरला येतो तेव्हा हे सगळं बघतो, ऐकतो. शेजारच्या वाड्यात दिवा लागला की आपल्या घरातला अंधार जास्त टोचतो. पोरीच्या "तेव्हाच का" या प्रश्नाचा हा एक तुकडा आहे. रशियातही शिकलेली पोरं, शहरात कामाला आलेले शेतकरी, जर्मनीत लढून आलेले शिपाई, यांनी दुसरा दिवा पाहिलेला होता.

मग १९३८. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं. सरकारने सप्टेंबरात बंदी घातली. कधी? स्थापना होण्याच्या आधीच! बारसं व्हायच्या आत हद्दपारी. त्यावर ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुकडी घेऊन तुरुंगात गेले. हे स्वामीजी म्हणजे मूळचे व्यंकटेश खेडगीकर, आधी कामगार चळवळीत, मग हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला मास्तर. त्याच हिवाळ्यात कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम म्हटलं. औरंगाबादच्या कॉलेजातून हे लोण उस्मानियात गेलं. शेकडो मुलांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं म्हणून त्यांची वर्षं वाचली. त्यातला एक मुलगा म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. गाणं म्हणतो म्हणून काढलेलं पोरगं घरी जाऊन बापाला काय सांगेल, की राजा चांगला आहे?

या सत्याग्रहात सेनापती बापटही उतरले होते. हा माणूस मला या दोन गोष्टींमधला चालता-बोलता धागा वाटतो. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट विलायतेला शिकायला गेले आणि पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायची विद्या घेऊन आले. म्हणजे झारविरुद्ध तयार झालेली विद्या महाराष्ट्रात आली आणि ती आणणारा माणूस तीस वर्षांनी निजामाविरुद्ध हात रिकामे ठेवून उभा राहिला.

बरं, राजे काहीच देत नाहीत असं नाही. देतात. पण कसं देतात ते बघा. १९०५ च्या ऑक्टोबरात संप इतका पसरला की झारने जाहीरनामा काढून लोकसभा, म्हणजे द्यूमा, कबूल केली. लोक रस्त्यावर नाचले. १९०६ च्या एप्रिलात मूलभूत कायदे आले, त्यात झारची सत्ता निरंकुश आहे हे पुन्हा लिहून ठेवलं. पहिली द्यूमा अडीच महिन्यांच्या आत बरखास्त. दुसरीही गेली. मग मताचा कायदाच असा बदलला की जमीनदारांना झुकतं माप. निजामानेही १९३९ ला सुधारणा जाहीर केल्या. विधिमंडळ मिळणार, पण निवडून येणारे निम्म्याहून कमी आणि शेवटचा शब्द निजामाचा. स्टेट काँग्रेसने ते नाकारलं.

माझं मत असं आहे, आणि चुकत असेन तर कळवा, की काही न देणारा राजा तितका धोक्यात नसतो. हातात ठेवून परत काढून घेणारा राजा धोक्यात असतो. पोराला लाडू दाखवून डब्यात ठेवलात तर तो ज्या आवाजात रडतो, तो आवाज लाडू माहीतच नसलेल्या पोराचा नसतो.

आता युद्ध. हा गाईडमधला चौथा मुद्दा आणि तो खरा आहे, पण त्यातलं दाणागोट्याचं प्रकरण गाईडमध्ये नसतं.

१९१५ मध्ये निकोलस स्वतः सेनापती होऊन आघाडीवर गेला. शहाणपण नव्हे ते. तोपर्यंत हार झाली तर सेनापती वाईट. आता हार झाली तर झार वाईट. राजा चांगला, कारभारी वाईट हे सूत्र त्याने स्वतःच्या हाताने तोडलं. मागे राजधानीत राणी, रास्पुतिन, रोज बदलणारे मंत्री. देशात धान्य नव्हतं असं नाही, धान्य होतं. पण रेल्वे युद्धात गुंतली, पैशाची किंमत उतरली, शेतकरी विकेना. पेत्रोग्राडच्या कडाक्याच्या थंडीत बायका पहाटेपासून पावाच्या रांगेत उभ्या, आणि तासाभराने दुकानदार सांगणार, संपलं.

८ मार्च १९१७, जागतिक महिला दिन. गिरणीतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. त्यांनी शेजारच्या कारखान्यांतले पुरुष बोलावले. लेनिन कुठे होता? झुरिचला. दोनच महिन्यांपूर्वी एका सभेत तो म्हणाला होता की आम्ही म्हातारे कदाचित ती क्रांती बघायला नसू. म्हणजे ज्याच्या नावावर आपण सगळं मांडतो त्यालाही पत्ता नव्हता. झारला बोल्शेविकांनी घालवलं नाही. पावाच्या रांगेने सुरुवात केली, आणि शेवट, सांगतो आता, शिपायांनी केला.

मोगलाईतही धान्यच. दुसऱ्या महायुद्धात लेव्ही सुरू झाली. पिकलं किती हे सरकारी माणूस ठरवणार, त्यातलं इतकं सरकारी भावाने घालायचं. मोठा देशमुख कारभाऱ्याला खूश करून सुटायचा, बोजा लहान खातेदारावर. घरात खायला नसलं तरी लेव्ही घालायची, वेळेला बाजारातून चढ्या भावाने विकत घेऊन घालायची. तेलंगणात यात वेठीची भर. तिथे ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्या या तरुणाला गोळी घातली आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला. ते लोक रशियाचं नाव घेऊनच लढत होते, हे वेगळं सांगायला नको.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने फर्मान काढलं : इंग्रज गेले की मी स्वतंत्र राजा. १५ ऑगस्टला पहूरला झेंडा लागला, पेढे वाटले. वीस किलोमीटरवर फर्दापूरला झेंडा लावणं गुन्हा. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. आणि मग जे सुरू झालं ते मराठवाड्याने तेरा महिने पाहिलं. वकिलांनी कोर्ट सोडलं, पोरांनी शाळा सोडल्या. शिंदीची झाडं तोडली, कारण ताडी-शिंदीवरचा कर ही सरकारची मोठी मिळकत. करोडगिरीचे नाके उठवले. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड अशा सरहद्दीच्या गावांतून तळ पडले. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली. दिल्लीत गांधीजी गेले तोच दिवस. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळकेंसारखी बाई घोड्यावर बसून रझाकारांशी लढली.

आणि इथे दोन्ही कथा फुटतात. नीट ऐका.

पेत्रोग्राडला १९१७ मध्ये दीड लाखाहून जास्त फौज होती. झारचा हुकूम आला, उद्यापर्यंत गडबड थांबवा. रविवारी व्होलिन्स्की पलटणीच्या शिपायांनी चौकात गोळ्या झाडल्या, माणसं पडली. रात्री बराकीत ते झोपले नाहीत. सकाळी सार्जंट किरपिच्निकोव्हच्या पुढाकाराने त्याच पलटणीने सांगितलं, आता झाडणार नाही. अधिकाऱ्यालाच गोळी घातली आणि रस्त्यावर उतरले. का? कारण तो शिपाई म्हणजे वर्दी घातलेला शेतकरी. ज्या बाईवर नेम धरायचा ती त्याच्या आईसारखी दिसत होती. दोन-तीन दिवसांत सगळी फौज फिरली. सेनापतींनीच तारा करून झारला सांगितलं, उतरा. १५ मार्चला प्स्कोव्हच्या स्टेशनात रेल्वेच्या डब्यात त्याने सही केली.

हैदराबादेत शिपाई फिरला नाही. राज्यात साधारण पंच्याऐंशी टक्के हिंदू, आणि फौज-पोलीस-कचेरी मुख्यतः मुसलमान. त्यात लातूरचा वकील कासिम रझवी याने रझाकार उभे केले. इत्तेहादुल मुसलमीनने मुसलमान गरिबाला सांगितलं, राजा एकटा निजाम नाही, तू पण राजा आहेस. ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी नाही त्याला राजा म्हटलं की तो राजासाठी मारायला तयार होतो. झारला हे साधलं नव्हतं. सरहद्दीवरची गावं लुटली गेली, जाळली गेली. मोगलाईतली कुटुंबं बैलगाड्या भरून खानदेश, वऱ्हाड, नगर, सोलापूरकडे आली. आजीचा भाऊ आमच्याकडे येऊन राहिला तो तेव्हाच.

पण याला हिंदू-मुसलमान लढाई म्हणून मोकळं व्हायचं नाही. 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील व्हा असं लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला हैदराबादेत रस्त्यात गाठून मारलं. उलट काही दलित पुढारी निजामाच्या बाजूला होते, म्हणून डॉ. आंबेडकरांना नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून आपल्या माणसांना निजामाला साथ देऊ नका असं सांगावं लागलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला. आपण त्याला पोलीस ॲक्शन म्हणतो. शिपाई फिरला नाही, म्हणून बाहेरून शिपाई आणावा लागला. एवढाच फरक, पण त्याचे परिणाम खोल.

एक परिणाम असा. झारला जुलै १९१८ मध्ये तळघरात बायकोपोरांसकट मारलं. निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख होता. ज्याच्याविरुद्ध लोक तुरुंगात गेले त्याच्याच नावाने हुकूम निघत होते! जुन्या कार्यकर्त्यांना हे फार लागलं होतं. पण रक्तपात टळला, असं आपण म्हणतो.

टळला का? राजाचा टळला. फौज आल्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. रझाकार कोण आणि शेजारचा पिंजारी कोण, हे कोणी पाहिलं नाही. केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने अंदाज दिला २७ ते ४० हजार मृत्यूंचा. तो अहवाल तेव्हा छापला नाही, वाचायला मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, २०१३ च्या सुमारास. दर १७ सप्टेंबरच्या भाषणांत हा आकडा मी तरी ऐकलेला नाही. आजीचा भाऊ रझाकारांच्या गोष्टी रंगवून सांगायचा. परत गावी गेल्यावर काय पाहिलं असं विचारलं की तंबाखू मळायला लागायचा. मी लहान होतो, मला वाटायचं म्हातारा विसरला.

राहिली जमीन. रशियात बोल्शेविक सत्तेवर आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम निघाला, कारण शेतकरी तोवर जमिनी घेतच सुटला होता. हैदराबादेत १९४९ मध्ये सर्फेखास सरकारजमा झाली, जागीरदारी रद्द झाली, १९५० मध्ये कूळकायदा आला. तेलंगणात शेतकऱ्यांनी बंदूक घेतली नसती तर हे इतक्या लवकर झालं असतं का, याची मला शंका आहे.

तर ताई, पोरीला सांगा. "हे तर आधीपासूनच होतं ना" हा तुझा मुद्दा बरोबर आहे. दैन्य आधीपासून होतं. नवीन काय होतं? अर्ज करून पाहिला होता, त्यावर गोळी किंवा बंदी आली होती. थोडं देऊन परत काढून घेतलं होतं. शेजारी वेगळं काही चाललेलं दिसत होतं. युद्धाने भाकरी महाग केली होती आणि त्याचा दोष द्यायला मधला कारभारी उरला नव्हता. आणि रशियात, फक्त रशियात, गोळी झाडणाऱ्याने बंदूक खाली ठेवली होती.

पेपरात मात्र गाईडचेच चार मुद्दे लिही म्हणावं. तपासणाऱ्याकडे गठ्ठा मोठा असतो.

पुढच्या भागात आपण १८५२ च्या सावदा-फैजपूरच्या त्या मोजणीच्या बंडाकडे सविस्तर जाऊ. आज ओझरता उल्लेख केला. फर्दापूर, सोयगाव, वाकोदकडच्या कोणाच्या घरी करोडगिरीच्या नाक्याच्या, हाली सिक्क्याच्या किंवा त्या तेरा महिन्यांच्या आठवणी असतील, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तंबाखू मळत गप्प बसणारे म्हातारे असतील तर त्यांना आधी विचारा.

भेटूच.